कंपनीमागच्या प्लॉटवरची कबड्डी टीम

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपची कबड्डी टीम बंद पडून जमाना झाला. पण राव, जुने दोन गडी भेटले की तिसऱ्याचा किस्सा निघतोच. टीमनं कप एकही आणला नाही. घरचे विचारायचे, "मग तिथं करता तरी काय?"

*

मैदान म्हणजे कंपनीमागचा प्लॉट. लेथचा लोखंडी कीस तिथंच पडायचा. खेळाआधी आम्ही स्टोअरमधलं मोठं लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढायचो.

एकदा आकुर्डीची टीम आली. आमची ही प्रदक्षिणा बघून त्यांना वाटलं, काहीतरी उतारा चाललाय. बिचारे बिचकत खेळले आणि हरले. आमचा कॅप्टन बबन, भोसरी गावातलाच. म्हणाला, "फुडल्या मॅचला लिंबूबी आणू."

*

एकदा कंपनीनं खेळाडूंना रोज केळी मंजूर केली. दुसऱ्या दिवशी अर्धं डिपार्टमेंट नाव द्यायला हजर. बबननं सगळ्यांना आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. संध्याकाळी परत आम्हीच सात जण उरलो. केळी तेवढी संपली होती.

*

बनियनं आम्ही घरीच लाल रंगवली. घाम आला की रंग सुटायचा, हातसुद्धा लाल व्हायचे. आमचा इस्माईल फिटर चढाईवर गेला, एकाला शिवून आला. तो गडी कबूलच होईना. इस्माईल शांतपणे पंचांना म्हणाला, "साहेब, मी कशाला बोलू? त्याची पाठ बघा." पांढऱ्या बनियनवर पाची बोटं उमटलेली!

*

एक मॅच ऐन रंगात आली आणि सेकंड शिफ्टचा भोंगा झाला. आमचे तिघं आधीच बाद, उरलेले चारही जण मैदानातून थेट कार्ड पंच करायला पळाले. समोरचा चढाईवाला दम धरून उभा, शिवायला माणूसच नाही. पंच चौघांना बाद द्यायला लागले, तर बबन म्हणाला, "त्ये बाद न्हाईत, ड्युटीवर हायेत."

*

पुढं त्या प्लॉटवर नवीन शेड झाली. मैदान गेलं, टीमही गेली. वाईट वाटलं, पण त्याच शेडमध्ये आपली चार टेम्पररी पोरं लागली, म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

*

माझ्यावर मात्र त्या टीमचे उपकार आहेत, ते फिटायचे नाहीत.

मी लेथवर टेम्पररी होतो, पर्मनंटची ऑर्डर तोंडावर आलेली. नेमका तेव्हाच एका पकडीत गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, पाय हलवायचा नाही. टेम्पररी माणूस घरी बसला की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे नोकरी गेलीच. घरी म्हातारे आईवडील, बायको पोटुशी. मी खाटेवर पडून रडलो.

सकाळी इस्माईल माझं, 'कांबळे' नावाचं, कार्ड पंच करून माझ्या लेथवर उभा राहिला. माझी फर्स्ट शिफ्ट भरून लगेच स्वतःची सेकंड करणार होता. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी, असं सगळ्यांनी वाटून घेतलेलं.

आमचे फोरमन सानेसाहेब म्हणजे जमदग्नी. परक्या मशीनला नुसता हात लावला तरी मेमो. ते राउंडला आले आणि माझ्या लेथपाशी थांबले. इस्माईल माझ्यापेक्षा हातभर उंच, छातीपर्यंत दाढी. साहेबांनी त्याला खालून वर निरखलं. आख्ख्या डिपार्टमेंटनं माना आपापल्या मशीनमध्ये घातल्या.

साहेब म्हणाले, "कांबळे, गुडघा दुखत असेल तर स्टूल मागवून घे."