तात्यांचा तह

वेल्ह्याच्या बाजारात माझं चहाचं दुकान आहे. आमच्या वाडीचे कोंडीबातात्या एसटीतून उतरले की चहाआधी मोबाईल पुढे करायचे. "नामदेवा, त्या बारक्या देशांची बातमी लाव." कुठल्याशा बलाढ्य देशाच्या शेजारची ती चिमुकली राष्ट्रं, नावं आम्हा दोघांनाही धड उच्चारता यायची नाहीत. पण एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी धावायचं, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिलाय, हे ऐकलं की तात्या मांडीवर थाप मारायचे. "ह्याला म्हणत्यात अक्कल! येकटं मेंढरू लांडग्याचंच."

हे कौतुक उगाच नव्हतं. डोंगरात आमच्या तीन वाड्या: आमची, वरची आणि पल्याडची. मध्येच एका शेठनं जमीन घेतली आणि कुंपण सरकवत सरकवत आमच्या पाणवठ्याच्या वाटेवर आणलं. वरच्या वाडीला देवळावर पत्रा, पल्याडच्या पोरांना नोकऱ्यांचं गाजर, आम्हाला नुसती दमदाटी. ती वाट गेली असती तर उन्हाळ्यात गुरं विकून पुण्याला वॉचमनकी करायची, दुसरं काय!

पण एकी होणार कशी? जत्रेत देवाची काठी पहिली कुणाची, यावरून आमची आणि वरच्या वाडीची पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटलेली. मान आमचा, काठी तात्यांच्या घरची. एका जत्रेत तात्यांनी ती उचलली आणि सरळ वरच्या वाडीच्या कारभाऱ्याच्या हातात दिली.

"धरा. मान तुमचा. पर आजपासनं हाळी तिघांची. शेठचं मशीन कुठल्याबी वाडीवर येऊ दे, डोंगरावरनं हाक आली की हातातलं टाकून पळायचं. हाय कबूल?"

तिन्ही वाड्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. आमची वाडी मात्र पेटली. मीही तोंडावर म्हणालो, "तात्या, बापजाद्यांचा मान घालवलात!"

"आरं, मान काय म्हशीला पाजू व्हय?"

शेठला हे कळलं तेव्हा तो हसला म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. खांदा द्यायला वरची वाडीही होती. विसाव्याला तिरडी टेकवली आणि पल्याडून, घरी राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची, हाळी आली. सगळा डोंगर मयताला गेलेला पाहून शेठनं पल्याडच्या वाडीवर जेसीबी घातला होता. मेल्याला हाच मुहूर्त सापडला! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मयत सोडून जायचं? असं कधी कुणी केलंय?

तात्यांच्या बायको, सोनाकाकू, कोरड्या डोळ्यांनी पुढे आल्या. "बगताय काय? शबूद कुणी दिला हुता? ह्यांनीच ना? म्या बसते हितं. जावा!"

पळालो. तिन्ही वाड्या, वरच्या वाडीचा कारभारी सगळ्यात पुढे. बायाबापड्यांसकट मशीनसमोर फतकल मारून बसलो. "घाल अंगावर!" कारभारी ओरडला. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, आणि बऱ्याच वेळानं मशीन आल्या वाटेनं माघारी नेलं.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. काकू पदरानं तात्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत बसल्या होत्या.

"वळलं का मशीन?"

"वळलं, काकू."

"मग न्या आता त्यांस्नी," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी हंबरडा फोडला.