अर्धा बांध

आमच्या वेल्ह्याकडं दोन बैल पोसणारं घर विरळाच. माझा एक शेजारी होता; त्याचा एक बैल, माझा एक, दोन्ही मिळून एक औत. एक दिवस त्याच्या भातखाचरात, एक दिवस माझ्या. याला आम्ही सावड म्हणतो. आमची सावड दहा वर्षांची, आणि भोरच्या बाजाराला निघालो तरी दोघं बरोबरच. तो कमी बोलायचा. त्याच्या वाटणीचंही मी बोलून घ्यायचो.

माझ्या खाचराला लागून भावकीतल्या एका वहिनींचं खाचर होतं. दादा मुंबईला गोदीत, त्या इकडं एकट्या. एका उन्हाळ्यात माझा सावडीतला गडी तापानं पडला असताना मी त्याचा बैल आणून नांगरट केली आणि मधला बांध हातभर वहिनींच्या बाजूला सरकवला. बांध कोरणं म्हणजे चोरी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दादा येईपर्यंत कोण बघतोय?

वहिनींनी बघितलं. पाऊस लागला, भाताच्या रोपांचा तरवा वीतभर झाला, लावणी तोंडावर आली, तेव्हा त्यांनी चावडीवर वडीलधारी मंडळी बसवली. मी छाती काढून म्हणालो, "बांध व्हता तितंच हाय. ह्यालाच इचारा की! औतात ह्याचा बैल व्हता." सावडीतला माणूस आपल्या विरुद्ध बोलेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तो उठून उभा राहिला. "बांध सरकलाय," म्हणाला. "म्या तापानं पडलो व्हतो, पर बैल माजा व्हता. तवा अर्धा गुन्हा माजा."

लावणीआधी बांध होता तिथं घालायचा, असं ठरलं. मी भर चावडीत ओरडलो, "सावड मोडली!" आणि तरातरा घरी आलो. एका बैलानं चिखलणी होत नाही आणि तरवा कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही, हे रागाच्या भरात सुचलंच नाही. घरात वर्षभराचं खाणं त्याच खाचरातून यायचं.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर इरलं घेऊन तो धो धो पावसात एकटाच बांध घालत होता. मी दारातून बघितलं, गेलो नाही. संध्याकाळी बरोबर मध्यावर थांबला आणि माझ्या अंगणात आला. "माजा अर्धा झाला. तुजा तू घाल, मग बैल आनतो."

मी तोंड फिरवलं. सकाळी मात्र मुकाट्यानं फावडं उचललं. त्याचा अर्धा असा चोपून बसवलेला की माझा त्याच्यापुढं पोरखेळ दिसत होता. तिसऱ्या दिवशी तो बैल घेऊन हजर. गावात आमची लावणी सगळ्यांत शेवटी झाली, पण झाली.

दोन वर्षांनी माझ्यावर आळ आला, दुसऱ्याच्या उभ्या भातात गुरं घातल्याचा. या खेपेला मी खरोखरच काही केलं नव्हतं, पण माझी कीर्ती चावडीला ठाऊक होती. मी शपथा घेत होतो आणि लोक जमिनीकडं बघत होते. नुकसान भरून द्यायचं तर माझी कणगी रिकामी झाली असती.

तो मागं बसला होता. "ती गुरं ह्याची न्हवती," म्हणाला. "म्या बघितलंय."

वडीलधाऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पागोटी सावरत उठले आणि आपापल्या घरी गेले. मी तिथंच बसून राहिलो आणि त्याच्यादेखत लहान पोरासारखा रडलो.