सुकदेव मास्टरने ग्रुपवर लिहिलं ते

सुरतेच्या लिंबायतमध्ये सुकदेव मास्टरला ओळखत नाही असा खान्देशी माणूस सापडणं कठीण, आणि मोबाईलवर त्याच्याशी एकदा तरी भांडला नाही असा सापडणं त्याहून कठीण. मोबाईलवर असं मुद्दाम म्हणायचं, कारण समोरासमोर हा माणूस म्हणजे गरीब गाय. शेठकडे एका दिवसाची सुट्टी मागायची तर तीनदा खाकरायचा आणि शेवटी न मागताच परत यायचा. पण तोच सुकदेव अंगठ्याने लिहायला लागला की भल्याभल्यांची बोलती बंद करायचा.

पंचवीस वर्षं तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होता. बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखायचा, म्हणून सगळे त्याला मास्टर म्हणायचे. गावाकडची जी माणसं पोटासाठी सुरतेला आली, त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, ‘आपलं गाव सुरत मंडळ’. दीडशेच्या वर माणसं त्यात. सुकदेवचं खरं राज्य तिथे चालायचं. तीन विषय त्याचे ठरलेले. पाण्याच्या धारेवर चालणारे नवे लूम चांगले की जुने, हा पहिला. वॉर्डाच्या निवडणुकीत आपल्या खान्देशी माणसाला मत द्यायचं की काम करणाऱ्याला, हा दुसरा. आणि तिसरा लव्हबर्डचा. गॅलरीत त्याचे चार पिंजरे होते, प्रत्येकात मडकं टांगलेलं, आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची हे तो पोरीचं स्थळ बघावं इतक्या बारकाईने ठरवायचा.

तिन्ही विषयांत त्याच्या विरुद्ध बाजूला एकच माणूस असायचा, काशिनाथ. तोही गावचाच. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात सुपरवायझर झालेला, आणि त्यानेही पक्षी पाळलेले. सुकदेवची बायको सरलाबाई म्हणायची, “त्या काशिनाथना बिगर यास्ले घास उतरस नही.” ते खरंच होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा-अकरा दिवस असतील. खात्यात वीज नव्हती म्हणून सुट्टी होती. दुपारी काशिनाथने ग्रुपवर दोन निळ्या पिल्लांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘एकाच मडक्यातल्या भाऊबहिणीची जोडी लावली, त्यांची ही पिल्लं. रंग बघा कसा पक्का आलाय.’

सुकदेवचं डोकं तडकलं. त्याने लिहिलं, ‘रंग पक्का, पाय कच्चे. महिन्याभराने त्यांना दांडीवर बसवून दाखव.’

काशिनाथ कसला ऐकतोय. त्याने लिहिलं, ‘मास्टर, माणसांत चालतं मग पाखरांत का नाही? आपल्यात मामाच्या पोरीशी लग्न होत नाहीत का? नवं काहीतरी घेऊन बसू नका.’

इथे सुकदेवने थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला हा त्याचा जुना रोग, आणि इथे तर जिभेलाही कष्ट नव्हते. त्याने लिहिलं, ‘तेही चूकच. रक्तात रक्त मिसळलं की पिल्लू लुळं निघतं, मग ते पाखराचं असो की माणसाचं. ज्याला एवढं कळत नाही त्याने पिंजरे ठेवू नयेत आणि पोरंही काढू नयेत.’

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग कोणीतरी वॉर्डाच्या गटाराचा विषय काढला, सगळे निवडणुकीवर घसरले, आणि पाखरं वर कुठेतरी राहून गेली. सुकदेवने समाधानाने चहा प्यायला.

तीन दिवसांनी कॉलेजातून आलेली त्याची पोरगी उज्ज्वला त्याच्या मोबाईलवर काहीतरी शोधत होती. तिने तो सगळा वाद वाचला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“पप्पा, हे तुम्ही लिहिलं? फोई आहे ना या ग्रुपमध्ये.”

सुरतेत वाढलेल्या पोरांसारखी ती आत्याला फोईच म्हणायची. फोई म्हणजे रंजना, सुकदेवची एकुलती एक धाकटी बहीण. ती सुरतेजवळ कामरेजला राहायची. वडिलांनी तिला आपल्या सख्ख्या बहिणीच्या घरात दिली होती, ‘घरनी पोर घरमा’ म्हणून. म्हणजे रंजनाची सासू ही तिची आणि सुकदेवची सख्खी आत्या. आणि रंजनाचा एकुलता एक मुलगा लखन जन्मापासून पायांनी अधू. आता बावीस वर्षांचा झाला होता. कुबड्या घेऊन चालायचा, आणि घराच्या ओट्यावर टेबल टाकून मोबाईल दुरुस्त करायचा.

सुकदेवने मोबाईल तिच्या हातातून घेतला. दिवाळीत देवळाच्या भंडाऱ्यासाठी बायकांनाही ग्रुपमध्ये घेतलं होतं, हे त्याला माहीत होतं. पण रंजना कधी काही लिहायची नाही, त्यामुळे ती तिथे आहे हेच तो विसरला होता. त्याने मेसेज कोणी कोणी वाचला ती यादी उघडली. बोट खाली सरकवत गेला. ‘रंजू कामरेज’ हे नाव होतं, लिहिल्यानंतर वीस मिनिटांनी वाचल्याची वेळही होती.

मेसेज पुसावा म्हणून त्याने घाईघाईने बटण दाबलं, आणि तिथेच घात झाला. सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसायची मुदत केव्हाच संपली होती. मेसेज गेला तो फक्त त्याच्या स्वतःच्या मोबाईलवरून. दीडशे माणसांकडे तो तसाच राहिला, आणि आपण नेमकं काय लिहिलं हे ज्याला बघायचं होतं त्याच्याकडेच तो उरला नाही.

मग त्याच्या जिवाला घोर लागला. आपण ‘माणसाचं’ लिहिलं होतं, की नुसतं ‘पाखराचं’? ‘लुळं’ लिहिलं की ‘कच्चं’? उज्ज्वलाला विचारायची लाज वाटली. दोन दिवस लूमवर हात चालेना. धागा तुटल्यावर आवाज बदलतो, तोही त्याला ऐकू आला नाही. एका लूमवर अर्धा हात कापड वाया गेलं तेव्हा कारागीर धावत सांगायला आला. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्याने काशिनाथलाच फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

“काय भाऊ, आते कोर्टमा जाई राह्यना का?” काशिनाथ सावधपणे म्हणाला.

“नही रे. मी लिखेल ते जरासं वाची दाखाड. मनाकडथून पुसाई गयं.”

काशिनाथने वाचलं. एकेक शब्द. ‘माणसाचं’ होतं. ‘लुळं’ही होतं. मग काशिनाथ हळूच म्हणाला, “माले बी नंतर लखन याद उना, भाऊ. मी विषय काढाले नको व्हता.”

भांडकुदळ काशिनाथ असा मऊ बोलला तेव्हा सुकदेव जास्तच घाबरला. प्रकरण किती वाईट आहे ते त्यावरून कळत होतं.

रंजना दरवर्षी आखाजीच्या आधी चार-पाच दिवस फोन करायची. सांजोऱ्या किती आणू, वहिनीला काय हवं, उज्ज्वलाला बांगड्या कुठल्या मापाच्या. यंदा फोन आला नाही. त्यानेच केला. ती म्हणाली, “बरं शे. लखन बरा शे. ठेवस.” आणि ठेवला. त्याने आंब्यांचा फोटो पाठवला. तिने बघितला, उत्तर दिलं नाही. आपल्या पक्ष्यांना आता झाकून ठेवावं असं त्याला वाटायला लागलं. त्यांची किलबिल ऐकवेना.

आखाजीला माहेरवाशीण आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून जातो, आणि तो सासरच्या ओट्यावर बसून पाणी प्यायल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. आईवडील गेल्यापासून चौदा वर्षं सुकदेवच मुऱ्हाळी होता. सणाला आईवडिलांच्या नावाने घागर भरायची ती दोघा भावंडांनी मिळून. सुकदेवच्या वाटचं माहेर म्हणजे रंजना, आणि रंजनाच्या वाटचं माहेर म्हणजे त्याच्या लिंबायतमधल्या दोन खोल्या. ती आली नाही तर घागर भरायची कोणासोबत? आणि तिने दारातूनच परत पाठवलं तर काय तोंड घेऊन यायचं?

“रंजूले लेवाले जातस का, का फोनवरच माफी मांगतस?” सरलाबाईने विचारलं. ती मुद्द्याचंच बोलायची.

“फोनवर बोलता येत नही.”

“मंग लिखा. लिखाले तर येस ना तुम्हले.”

त्याने लिहायचा प्रयत्न केला. ज्या माणसाने निवडणुकीवर एका दमात चाळीस ओळी लिहिल्या होत्या, त्याला ‘रंजू, माझं चुकलं’ हे तीन शब्द पाठवता येईनात. लिहायचा आणि पुसायचा.

आखाजीच्या आदल्या सकाळी तो कामरेजला गेला. वाटभर त्याने वाक्यं तयार केली. दाराशी लखन टेबलावर वाकून बसला होता. त्याने वर बघून नेहमीसारखं हसून म्हटलं, “मामा, या. मम्मी, मामा आले.”

रंजनाने पाणी आणलं. सुकदेवने ओट्यावरच तांब्या एका दमात रिकामा केला आणि तो आत गेला. खोलीच्या कोपऱ्यात तिची पिशवी भरून ठेवलेली त्याला दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तिने वाचलंच नसेल. वाचलं तरी मनावर घेतलं नसेल. नुसतं उघडून बंद केलं असेल. उगाच आठवडाभर आपण झुरत बसलो, असं वाटून तो मोकळेपणाने हसलासुद्धा.

रंजना त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“भाऊ, तू ग्रुपमा लिखं ते खरं शे का?”

त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

“माले इतलं बारीक वाचता येत नही,” ती म्हणाली. “लखननी वाची दाखाडं.”

सुकदेवने ओट्याकडे पाहिलं. लखन टेबलावरच्या मोबाईलचा स्क्रू फिरवत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणजे तो मेसेज पहिल्यांदा वाचला त्याने, स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःबद्दल. सुकदेवने तयार केलेली सगळी वाक्यं उडून गेली. तो कसाबसा म्हणाला, “रंजू, माले तसं म्हनानं नव्हतं. मी पाखरंसनं—”

“ते राहू दे. माले राग उना, लखनले बी उना. पन ते खरं शे का? रक्तमुळे व्हस?”

तिला खरंच उत्तर हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो म्हणाला, “व्हऊ शकस. डॉक्टर म्हने.”

“कोनता डॉक्टर?”

“लखन तीन वरीसना व्हता तव्हाना. मोठा दवाखानामा मी संगे व्हतो ना.”

रंजना मनात हिशेब करत होती, आणि तो हिशेब सुकदेवलाही कळत होता. एकोणीस वर्षं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं की जवळच्या नात्यात लग्न झालं की असा आजार येण्याचा संभव वाढतो. बाहेर येऊन त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वडिलांकडे बोट गेलं असतं, आत्याच्या घराशी वितुष्ट आलं असतं. बहिणीला कशाला दुःख, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे त्याला समोरासमोर बोलायचं धाडस झालं नव्हतं.

“माले सगळा म्हनतस, लखन पोटमा व्हता तव्हा गिऱ्हानमा भाजी चिरी म्हनीसन पोऱ्याना पाय गयात,” रंजना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आत्या रोज बोलस. पाव्हना उना तरी सांगस. बावीस वरीस मी समजत ऱ्हायनू, मनाच हातनं व्हयनं. दुसरं पोर बी मी व्हऊ दिधं नही त्याच भ्यावमुळे. तुले माहीत व्हतं आनि तू दरसाल आखाजीले येस, सांजोऱ्या खास, आनि चुप.”

सुकदेवच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काशिनाथले सांगं,” ती म्हणाली. “माले काबर नही सांगं?”

तिने उत्तराची वाट बघितली नाही. उठून तिने आतल्या खोलीचं दार ढकललं. आत खाटेवर आत्या पडली होती, ऐंशीची, तोंडाने अजून खणखणीत पण कानाने गेलेली.

“जाय,” रंजना म्हणाली. “मनी सासूले सांग, तुन्या तोंडथून. मंग मी तुनासंगे येस.”

सुकदेव दारात उभा राहिला. ही त्याच्या बापाची बहीण, जिच्या मांडीवर तो लहानाचा मोठा झाला. तिच्या तोंडावर सांगायचं की तू आणि माझ्या बापाने मिळून ठरवलेल्या सोयरिकीने हे झालं असेल, आणि बावीस वर्षं तू भलत्याच बाईला बोल लावलास. इथे काही पुसता येणार नव्हतं. त्याने तीनदा खाकरलं. मग तो आत गेला आणि खाटेच्या कडेला बसला.

“आत्या, लखनना पाय गयात त्यामा रंजूनी काही चूक नही.”

“काय?” म्हातारीने कानाशी हात नेला. “जोरमा बोल.”

ओट्यावरचा स्क्रू फिरायचा आवाज थांबला होता. गल्लीतली दोन माणसं दाराशी घुटमळत होती. सुकदेवने श्वास घेतला आणि तेच वाक्य साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हटलं.