गुडघ्यातल्या सुया
स्पिरिटचा वास आला की मला यवतच्या शाळेत भरलेलं, दुखण्यावर सुया टोचायचं शिबिर आठवतं. गुडघा धरल्यामुळे मला धारेला म्हशीखाली बसता येत नव्हतं आणि म्हैस सुनेला जवळ येऊ देत नव्हती, म्हणून सुनेनंच मला तिथं नेलं. डॉक्टरांनी बाकावर बसवून गुडघ्याभोवती सहा बारीक सुया टोचल्या आणि ते दुसऱ्या खोलीत गेले. पायात रुतलेलं उपटायचं, एवढंच मला जन्मभर ठाऊक. मी सगळ्या सुया उपटल्या. शेजारची बाई डोळे मिटून बसली होती, तिच्याही काढल्या. डॉक्टर येऊन बघतच राहिले. "मावशी, काटे नाहीत ते! सुया अर्धा तास ठेवायच्या असतात." मी म्हणाले, "मग तसं आधी सांगायचं न्हाई व्हय?" शेजारीण डोळे उघडून म्हणाली, "तरीच म्हणलं, एवढ्यात बरं कसं वाटाया लागलं!" सगळी खोली हसली. डॉक्टरांनी नव्या सुया टोचल्या आणि सुनेला माझे हात धरून बसवलं. पाच-सहा खेपा झाल्यावर एका सकाळी मी म्हशीखाली बसले आणि बादली भरूनच उठले. आता म्हैस नाही, गुडघाही पुन्हा कुरकुरतो. पण दवाखान्यात इंजेक्शन काढलं की सून आधी माझे हात धरते.