मूठभर चुरा

खोडरबराचा चुरा ती कधी फुंकून उडवत नसे. तळहाताच्या कडेने हळूच गोळा करायची, मुठीत धरायची आणि विचारायची, "दीदी, हे कुठे टाकू?"

"टाक ना खाली."

ती टाकत नसे. तिच्या वडिलांचं दिल्लीत करोल बागेत गलाईचं दुकान. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. अशा दुकानातला केरसुद्धा कुणी फेकत नाही, त्यात सोन्याचे कण असतात. ती त्या दुकानाच्या वरच्या खोलीत वाढलेली.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तिची आई माझ्या आईला म्हणाली, "पोरीचं गणित तेवढं बघायला सांगा की तुमच्या मुलीला." अनोळखी माणसांशी बोलायची मला भीती वाटते, पण नाही म्हणायची त्याहून जास्त. मग दर रविवारी ती मेट्रोने आमच्याकडे द्वारकेला यायला लागली. दहावीत होती.

शाळेत म्हणत, हिला शिकायची इच्छाच नाही, पेपर कोरा देते. तुम्हालाही लांबून तसंच वाटलं असतं. मी शेजारी बसायचे, म्हणून मला दिसायचं. उत्तरं तिला यायची. ती आधी सगळं पेन्सिलीने लिहायची, तपासायची, पुन्हा तपासायची. पेन उचलायचीच नाही.

"चुकलं तर?"

"चुकू दे यार. मी नववीत गणितात नापास झाले होते."

"मग?"

"मग काय, बाबांनी दुसरी शिकवणी लावली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "पप्पा म्हणालेत, गणितात पास झालीस तर अकरावी. नाहीतर गावी. माझ्या ताईला पाठवलं तसं."

ताई दहावीत नापास होऊन सांगलीकडे गेली, आणि त्याच वर्षी तिचं लग्न लागलं.

त्या दिवसापासून मलाही रविवारची धास्ती वाटू लागली. एकदा घड्याळ लावून मी तिची परीक्षा घेतली. वेळ संपली तेव्हा पानं पेन्सिलीने भरलेली होती, बहुतेक उत्तरं बरोबर. "पेन फिरवायचं राहिलं. पेन्सिल अलाउड नाही ना," असं म्हणत तिने माझ्या डोळ्यांदेखत सगळं पुसून टाकलं. मी हात धरेपर्यंत पान कोरं झालं होतं.

मग मी पेन्सिल लपवायला लागले. हळूहळू ती पेनने लिहू लागली. एकदा हसून म्हणाली, "बघा दीदी, एवढी मोठी चूक केली. अजून जिवंत आहे!"

बोर्डाच्या गणिताच्या पेपरला मी केंद्राच्या गेटबाहेर उभी होते. आकृत्यांसाठी पेन्सिल न्यावीच लागते, हे मला सकाळपासून खात होतं. रस्त्यापलीकडे तिचे पप्पा स्कूटरला टेकून उभे होते.

मुली हसत, भांडत, उत्तरं ताडून बघत बाहेर आल्या. ती सगळ्यांत शेवटी आली. उजवी मूठ मिटलेली.



"काय गं, कसा गेला?" पप्पांनी पलीकडून हाक मारली.

"अच्छा गया, पप्पा!"

मग ती माझ्याकडे वळली, जवळ आली आणि तिने मूठ उघडली. तळहात चुऱ्याने भरला होता.

"दीदी," ती पुटपुटली, "हे कुठे टाकू?"

मी माझा हात पुढे केला.