तिच्या जागी दुसरी

रेवाच्या लाडक्या जपानी कार्टूनवरून हॉलिवूडने खरी माणसं घेऊन सिनेमा काढला. काल आम्ही बापलेकींनी तो पाहिला. तीच लाल छत्री, तोच पूल, नायिकेची केस कानामागे सारायची तीच लकब. चेहरा मात्र एका अमेरिकन नटीचा. बाहेर पडताना रेवा म्हणाली, "सगळं तसंच केलंय, बाबा. पण ती ती नाहीये."

मला त्या नटीची कीव आली. किती जीव तोडून करत होती बिचारी. दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्याला चुकायची मुभा नसते, आणि बिनचूक केलं तर ती जागा रिकामी असल्याचं जास्तच जाणवतं.

रेवाची आई गेल्यापासून रविवारचे पोहे मी करतो. आजही केले. तिचीच कढई, तिचंच माप, वरून खोबरं, ती घालायची तशी चिमूटभर साखर. रेवाने लिंबू पिळलं, बशी संपवली आणि विसळून ठेवली.

"कसे झालेत?" असं तिची आई दर वेळी विचारायची. मी अजून एकदाही विचारलेलं नाही.