मेहुण्यांचं डेटा रोमिंग

गेल्या रविवारी सकाळी नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात बसून मी भोपाळला पूजा सांगायला घेतली... आणि गणपतीची सुपारी मांडून व्हायच्या आतच घामाघूम झालो.

माझी धाकटी बहीण वंदना. मेहुण्यांची, म्हणजे दिलीपरावांची, बदली झाली म्हणून नुकतीच भोपाळला गेली. तिथे दूधवाला सोडला तर तिच्याशी बोलायला कुणी नाही. तेव्हा तिचा हट्ट, की नव्या घरात पहिले मंत्र दादाच्या आवाजात झाले पाहिजेत.

मी जन्मभर संस्कृत शिकवलं, पूजा सांगणं हा काही माझा व्यवसाय नव्हे. पण फोनवर बहिणीचा आवाज भरून आला की ही सबब टिकत नाही.

व्हिडिओ कॉल करायचं ठरलं होतं. तो लागेना. चौकशीअंती कळलं, की घरातल्या दोन्ही फोनमध्ये दिलीपरावांनी डेटा रोमिंग बंद करून ठेवलंय. नंबर नाशिकचे, मुक्काम परराज्यात, आणि वायफायवाला अजून उगवलेला नाही...

"अगं, देशातल्या देशात रोमिंगचे पैसे घेणं कधीच बंद झालंय!"

"तसं कंपन्या नुसतं म्हणतात, असं ह्यांचं म्हणणं, दादा..."

फार वर्षांपूर्वी गोव्याहून परतल्यावर दिलीपरावांना रोमिंगचं बिल आलं होतं. तेव्हापासून ते बटण त्यांना वर्ज्य. अद्वैत वेदान्त मी दहावीच्या पोरांना पटवून दिलाय, पण दिलीपरावांपुढे हात टेकले.

शेवटी साधा फोन, स्पीकरवर. "सुपारी डावीकडे ठेव." "कुणाच्या डावीकडे? माझ्या की देवाच्या?" त्यात मध्येच दिलीपराव, "जरा आटपतं घ्या दादा, तुम्हाला एसटीडी लागत असेल." एसटीडी! हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला, तेही आठवेना.

संकल्पात मी सवयीने 'गोदावर्या दक्षिणे तीरे' म्हणून गेलो, तर दिलीपरावांनी लगेच अडवलं. "दादा, आम्ही आता नर्मदेच्या उत्तरेला." म्हणजे संकल्प परराज्यात गेलेला चालतो, फोन नाही!

एवढ्यात वंदना हळूच म्हणाली, "राहू दे दादा. नंतर कधीतरी करू." तिचं हे 'नंतर कधीतरी' मी लहानपणापासून ओळखतो... ती गोष्ट ती मनातून काढून टाकते, पुन्हा तोंडातून काढत नाही.

माझा तोल गेला. दिलीपरावांना मी जे सुनावलं, ते शुद्ध मराठीत होतं आणि पूजेच्या वेळी उच्चारण्यासारखं नव्हतं. धुपाचा धूर जावा म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलेलं. माझा आवाज थेट जिन्यात.

भांडण झालं असं समजून शेजारच्या मिश्रा भाभी धावत आल्या. "सब ठीक है ना, दीदी?" वंदनाने कशीबशी हकीकत सांगितली. भाभींनी दिलीपरावांकडे एकदा नीट बघितलं म्हणे, आणि कमरेचा मोबाईल काढला. "मेरा हॉटस्पॉट ले लीजिए."

व्हिडिओ लागला! अर्धवट उघडलेली खोकी, चौरंग, वंदनाचे लाल डोळे... सगळं दिसलं. मी आवाहन सुरू केलं आणि भाभी कुकर बघायला घरी गेल्या. फोन त्यांच्याबरोबर, नेट फोनबरोबर... मी तोंड उघडं ठेवून स्क्रीनवर गोठलो.

मग त्यांना परत बोलावून आणलं. गॅस बंद करून त्या वंदनाशेजारी बसल्या, त्या आरती होईपर्यंत. फुलं हातात देत होत्या, हे कशाला, ते कशाला विचारत होत्या. माझ्या एका मंत्राला दोघींना कशाचं तरी हसू फुटलं. कशाचं, ते मला अजून कळलेलं नाही.

प्रसाद झाल्यावर मी समारोपाचे चार शब्द बोलायला घेतले, तर कॅमेऱ्यात नुसतं छत. दोघी भाजी कुठे ताजी मिळते ते बोलण्यात गुंग... कॉल कधी कट झाला, त्यांना पत्ताही नव्हता.

आता वंदनाचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो, मिश्रा भाभींच्या ओट्याजवळून. मागून भाभीही मला "भैयाजी, नमस्ते" करतात. दिलीपरावांचं डेटा रोमिंग अजून बंदच आहे. त्यांना मी चिक्कू म्हणायचं सोडलेलं नाही... ते बटण चालू करा, असं सांगायचं मात्र सोडलंय.